कूर्चा काळी पडण्याआधीची तीस वर्षे

गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही नित्याची झाली आहे. सांधा उघडल्यावर आत काय दिसणार, हे शल्यविशारदाला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते: झिजलेली, खरबरीत झालेली, पिवळसर पांढरी कूर्चा. पण क्वचित एखाद्या रुग्णाचा गुडघा उघडला की कूर्चा काळीकुट्ट निघते. मांडीच्या हाडाचे टोक काळे, दोन हाडांमधल्या गाद्या काळ्या, वाटीची आतली बाजूही काळी. चिमट्याने धरायला जावे तर तिचे कपचे निघतात, आणि तसेच टोकदार कपचे सांध्याच्या अस्तरात रुतून बसलेले दिसतात. भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत अशी रुग्णवृत्ते अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. त्यांतल्या अनेकांत निदान झालेले असते ते थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर. तोवर रुग्णाने पन्नाशी गाठलेली असते आणि ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’ हे ऐकत वेदनाशामक गोळ्यांवर कित्येक वर्षे काढलेली असतात.

या आजाराचे नाव अल्काप्टोनुरिया. जगात साधारण अडीच लाख ते दहा लाख लोकांमागे एकाला तो असतो. इतक्या विरळ आजाराची दखल घेण्याचे कारण केवळ सहानुभूती नव्हे. माणसाची कूर्चा भार कसा पेलते आणि नेमकी कशाने मोडते, हे या आजारात जितके उघडपणे दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते. शिवाय तो टाळता येईल असे औषध आता हाताशी आहे. कमी पडते आहे ते वेळेवर ओळखणे.

आपण जे प्रथिन खातो त्यातील फेनिलअलानिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले यकृतात टप्प्याटप्प्याने मोडली जातात. त्या वाटेवर होमोजेंटिसिक आम्ल तयार होते आणि एक विशिष्ट विकर त्याचे लगेच पुढे विघटन करते. हे विकर घडवणारे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडून त्याची सदोष प्रत आली, तर विकर काम करत नाही आणि ते आम्ल शरीरात साचू लागते. मूत्रपिंडे रोज काही ग्रॅम आम्ल बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी हवेत राहिली की गडद होत जाते. बाळाच्या लंगोटावरचे डाग साबण लागल्यावर फिके पडण्याऐवजी आणखी काळवंडतात, कारण साबणाच्या अल्कतेने आम्लाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. आजार जन्मापासून असतो, तो दिसतोही जन्मापासून. दुखू लागतो मात्र तिशीच्या आसपास.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या आजाराला मानाचे स्थान आहे. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध लिहिला. अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा सख्खे चुलत, मामे किंवा आते भावंडे असतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. विल्यम बेटसन यांच्या मदतीने त्यांनी हे निरीक्षण नुकत्याच पुन्हा उजेडात आलेल्या मेंडेलच्या नियमांशी जोडले. माणसाचा एखादा आजार मेंडेलच्या नियमाने पिढीतून पिढीत जातो, हे प्रथम दाखवून दिले गेले ते याच आजाराच्या बाबतीत. नेमके कोणते विकर कमी पडते हे १९५८ साली सिद्ध झाले, आणि १९९६ साली स्पेनमधील शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक शोधले. एवढे कळूनही एक प्रश्न उरला होता. रक्तात जन्मापासून असलेले रसायन सांध्याला तीस वर्षे इजा का करत नाही, आणि नंतर एवढी का करते? त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे.

निरोगी कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तिच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणीच असते. तरी चालताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट आणि जिना चढताना त्याहून अधिक भार ती आयुष्यभर झेलते. हे तिला जमते ते दोन घटकांच्या ओढाताणीमुळे. कोलॅजेनच्या तंतूंची चिवट जाळी कूर्चेला बांधून ठेवते. त्या जाळीत अडकलेल्या प्रोटिओग्लायकन रेणूंवर ऋण विद्युतभार असतो. तो पाणी आत ओढून घेतो आणि कूर्चा फुगवू पाहतो. जाळी तिला फुगू देत नाही. त्यामुळे भार नसतानाही कूर्चा आतून ताणलेली असते.

पाऊल टेकते तेव्हा हे पाणी बाहेर पडू पाहते, पण जाळीची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की ते झटकन निसटू शकत नाही. ते तिथेच दाबाखाली येते आणि पहिल्या काही क्षणांत भाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा हे अडकलेले पाणीच उचलते. घन जाळीवर फारच थोडा ताण पडतो. १९८० साली व्हॅन माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कूर्चेला घन आणि द्रव अशा दोन घटकांचे मिश्रण मानून हे गणितात बसवले. पुढचे बरेचसे सांधेसंशोधन त्या मांडणीवर उभे आहे.

प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष पाहता येते. कूर्चेच्या तुकड्यावर गोल टोकाचा बारीक दांडा टेकवतात, ठरावीक खोलीपर्यंत दाबतात आणि तिथेच रोखून धरतात. पडद्यावर बलाची रेघ आधी झपाट्याने वर चढते. मग पाणी बाजूला झिरपू लागते तशी ती उतरत जाते आणि बऱ्याच वेळाने एका पातळीवर स्थिरावते. वरचा शेंडा पाण्याच्या दाबाचा, खालची पातळी घन जाळीची. निरोगी कूर्चेत या स्थिर पातळीवरून काढलेला ताठरतेचा गुणांक साधारण अर्धा ते एक मेगापास्कल भरतो. हाडाच्या तुलनेत तो हजारो पटींनी कमी आहे. कूर्चा टिकते ती कठीण असल्यामुळे नव्हे. ती दबते, पाण्यावर भार घेते आणि भार उतरताच पूर्ववत होते, म्हणून टिकते.

वयोमानाने होणाऱ्या संधिवातात सुरुवातीला ही कूर्चा मऊ पडते. प्रोटिओग्लायकन कमी होतात, जाळी सैलावते, पाणी सहज निसटू लागते आणि भार घन तंतूंवर येतो. अल्काप्टोनुरियात याच्या उलट घडते. होमोजेंटिसिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन त्याचे काळे बहुवारिक बनते आणि ते कोलॅजेनच्या तंतूंना चिकटते. एरवी एकमेकांवरून किंचित सरकणारे तंतू जखडले जातात आणि कूर्चा ताठर होते. ऐकायला हे बळकट झाल्यासारखे वाटते. पण ताठरता वेगळी आणि चिवटपणा वेगळा. एखादी वस्तू किती बलाला किती दबते, ही तिची ताठरता. तडकण्याआधी ती किती ऊर्जा पचवते, हा तिचा चिवटपणा. प्रेशर कुकरची रिंग जुनी झाली की हाताला आधीपेक्षा कडक लागते, आणि जरा वाकवली की चिरते. काळ्या कूर्चेचे तसेच होते. तंतू सरकेनासे झाले की धक्क्याची ऊर्जा पचवायला जागा उरत नाही. एक बारीक भेग पडली की ती अडत नाही, लांबवर धावते आणि कपचे सुटतात.

मग ही पडझड तीस वर्षे थांबते कशी? या प्रश्नावर सर्वांत नेटाने काम झाले ते इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे. शस्त्रक्रियेत काढलेले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिथल्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की काळा रंग पृष्ठभागावरून आत जात नाही. तो खोलवर, हाडाला चिकटलेल्या कॅल्शियमयुक्त कूर्चेत, एकेका पेशीभोवती उगवतो आणि तिथून वर पसरतो. म्हणूनच एकाच सांध्यात काळी आणि पांढरी कूर्चा शेजारी शेजारी सापडते. जेम्स गॅलाघर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की शाबूत कोलॅजेनवर हे रंगद्रव्य चढू शकत नाही, कारण त्याभोवती इतर रेणूंचे संरक्षक वेष्टण असते. वय, भार आणि रोजची झीज यांनी ते वेष्टण जिथे विरते, तिथे उघड्या पडलेल्या तंतूला रंगद्रव्य चिकटते. पुढे दुष्टचक्र सुरू होते. झीज झाली म्हणून रंग चढतो, रंग चढला म्हणून कूर्चा ताठरते, ताठरली म्हणून शेजारच्या भागावर नको तसा भार पडतो आणि तिथेही झीज होते.

नुकसान कूर्चेपुरते राहत नाही. वरचे काळे कवच ताठर असल्याने भार तेच पेलत राहते आणि खालच्या हाडापर्यंत तो नीट पोहोचत नाही. हाडाला भार मिळाला नाही की शरीर ते हाड विरघळवू लागते. काही नमुन्यांत कूर्चेखालचे हाड जागोजागी पूर्ण नाहीसे झालेले आढळले. आधार गेलेले ठिसूळ कवच मग कोसळते. गुडघे, खुबे आणि खांदे यांची ही गत होते. मणक्यांमधल्या चकत्या काळ्या पडून त्यांत कॅल्शियम साचते, आणि कंबरेच्या त्या दुखण्याला पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या संधिवाताचे नाव दिले जाते. टाचेचा मोठा स्नायुबंध तुटणे, हृदयाची महाधमनीची झडप अरुंद होणे, मूतखडे होणे, हेही याच आजाराचे भाग आहेत. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार निम्म्या रुग्णांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत किमान एक सांधा बदलून घ्यावा लागतो.

यातून सर्वसामान्य सांधेदुखीबद्दलही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कूर्चेतील कोलॅजेन जवळजवळ कधीच बदलले जात नाही. त्याचा अर्धा साठा बदलायला शंभराहून अधिक वर्षे लागतील, असा एका प्रसिद्ध अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे तरुणपणी त्या तंतूला जे चिकटले ते म्हातारपणापर्यंत चिकटलेलेच राहते. आपल्या सर्वांच्या कूर्चेत वयानुसार साखरेचे रेणू असेच तंतूंना चिकटतात, त्यांच्यात आडवे बंध तयार होतात आणि कूर्चा पिवळसर, ताठर व ठिसूळ होत जाते. मधुमेहात शरीरातील प्रथिनांवर ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. अल्काप्टोनुरियात जे काळ्या रंगात आणि घाईने घडते, त्याचेच एक संथ रूप वाढत्या वयाच्या प्रत्येक सांध्यात चालू असते. या रुग्णांच्या हाडांत प्रथम लक्षात आलेले काही सूक्ष्म उंचवटे नंतर सामान्य संधिवाताच्या रुग्णांतही सापडले. दुर्मिळ आजारांकडून शिकावे, असा आग्रह गॅरॉड यांनी १९२८ सालच्या आपल्या व्याख्यानात धरला होता. त्यांचे म्हणणे पुढच्या संशोधनाने खरे ठरवले.

आता औषधाबद्दल. निटिसिनोन हे मुळात तणनाशकांच्या संशोधनातून हाती आलेले रसायन. होमोजेंटिसिक आम्ल तयार होण्याच्या आधीच्याच टप्प्यावर ते विकराला अडवते, त्यामुळे आम्ल बनतच नाही. टायरोसिनिमिया या बालकांच्या जीवघेण्या यकृतविकारात ते १९९०च्या दशकाच्या प्रारंभापासून वापरात आहे. अल्काप्टोनुरियावरील अमेरिकेतील पहिल्या चाचणीत आम्ल झपाट्याने उतरले, पण तीन वर्षांत खुब्याच्या हालचालीत ठोस फरक दाखवता आला नाही. दशकानुदशके हळूहळू बिघडणाऱ्या कूर्चेचा हिशेब तीन वर्षांच्या हालचालीत मांडणे कठीणच होते. पुढे डॉ. लक्ष्मीनारायण रंगनाथ यांच्या नेतृत्वाखाली लिव्हरपूल, पॅरिस आणि स्लोव्हाकियातील पिएश्चानी येथे १३८ रुग्णांवर चार वर्षे चाचणी झाली. स्लोव्हाकियात हा आजार १९ हजारांत एक इतका आढळतो, त्यामुळे त्या देशाचा सहभाग मोलाचा ठरला. रोज १० मिलिग्रॅमच्या मात्रेने वर्षभरात लघवीतील आम्ल ९९.७ टक्क्यांनी घटले आणि आजाराची एकूण वाटचालही मंदावली. २०२० साली युरोपीय संघाने प्रौढ रुग्णांसाठी या औषधाला मान्यता दिली.

औषध निर्दोष नाही. त्याने रक्तातील टायरोसिन वाढते, काहींच्या डोळ्यांच्या पारपटलाला त्रास होतो. म्हणून प्रथिने मोजून खावी लागतात आणि डोळे नियमित तपासावे लागतात. उंदरांवरील प्रयोगांनी मात्र एक गोष्ट निःसंदिग्धपणे दाखवली आहे. जन्मापासून औषध दिलेल्या उंदरांच्या कूर्चेत काळा रंग चढलाच नाही. मध्यम वयात सुरू केले तेव्हा रंग पुढे वाढायचा थांबला, पण आधी चढलेला गेला नाही. कोलॅजेन बदलत नसेल तर त्याला चिकटलेले रंगद्रव्य तरी कसे जाणार? औषध कोणते द्यायचे, याहूनही ते केव्हा सुरू करायचे हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. बालवयात नेमके कधी सुरू करावे, हे तज्ज्ञांनी टायरोसिनच्या जोखमीसह तोलूनच ठरवायला हवे. पण निदानच पन्नाशीत होणार असेल, तर हा विचार करायची संधीसुद्धा रुग्णाला मिळत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार आहे.

भारताला हा विषय परका नाही. तामिळनाडूतील नरिकुरवर समाजात या आजाराचे प्रमाण मोठे असल्याचे आणि त्यामागे एकाच पूर्वजाकडून आलेला जनुकीय बदल असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे. महाराष्ट्रातही अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा नात्यांवर दोषारोप करून काही साधणार नाही. कुटुंबात एक रुग्ण सापडला तर त्याच्या भावंडांची तपासणी आणि नात्यातील पुढच्या लग्नांआधी जनुकीय सल्ला, ही साधी शिस्त पुरेशी आहे.

धोरणाच्या पातळीवर पाया घातला गेला आहे. २०२१ साली राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आले, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे, आणि २०२२ साली उपचारासाठीच्या साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशी बनावटीची काही औषधे जाहीर केली, त्यात निटिसिनोनही होते. टायरोसिनिमियाच्या बालरुग्णासाठी परदेशी औषधाचा वार्षिक खर्च सुमारे २ कोटी २० लाख रुपये होता, तो देशी औषधाने सुमारे अडीच लाखांवर येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. औषध देशात तयार होते आहे. ते अल्काप्टोनुरियाच्या रुग्णांपर्यंतही पोहोचावे, यासाठी धोरणात स्पष्ट तरतूद असायला हवी.

बाकीची कामे अवघड नाहीत. अस्थिरोगतज्ज्ञांनी काळी कूर्चा पाहिल्यावर सांधा बदलून थांबू नये. रुग्णाच्या लघवीची तपासणी, हृदयाच्या झडपेची सोनोग्राफी आणि भावंडांची चौकशी हा त्या शस्त्रक्रियेचाच भाग मानावा. तरुण माणसाच्या क्ष-किरण चित्रात कंबरेच्या सगळ्या चकत्यांत कॅल्शियम दिसले, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी डाग किंवा कानाच्या पाळीवर निळसर छटा दिसली, तर या आजाराचा विचार मनात यायलाच हवा. अंगणवाडी आणि आशा सेविकांच्या प्रशिक्षणात काळ्या पडणाऱ्या लंगोटाचा एक प्रश्न वाढवायला काहीच खर्च नाही. आणि शस्त्रक्रियेत काढलेली काळी कूर्चा जैववैद्यकीय कचऱ्यात टाकण्याऐवजी रुग्णाच्या संमतीने अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पाठवता येईल. मुंबई-पुण्यात रुग्णालये आणि तशा प्रयोगशाळा एकाच शहरात आहेत. भारतीय कूर्चेची ताठरता, पाणी झिरपण्याचा वेग, तडकण्याची मर्यादा यांची मोजमापे आपणच घ्यायला हवीत. आपल्याकडे मांडी घालून आणि उकिडवे बसण्याची सवय आहे, त्यामुळे आपल्या गुडघ्यांवर भार वेगळ्या रीतीने पडतो. ती मोजमापे सामान्य सांधेदुखीच्या लाखो रुग्णांच्याही उपयोगी पडतील.

तरुण आईवडिलांना एवढेच सांगणे आहे: बाळाचा लंगोट धुताना काळा किंवा गडद तपकिरी पडत असेल, तर तो डाग समजून घासत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लघवीतील होमोजेंटिसिक आम्ल तपासून घ्या. तपासणी एका नमुन्यावर होते, आणि तिच्यामुळे मुलाच्या सांध्यांना तीस वर्षांची मुदत मिळते.